एकेचाळिसावं पाकीट

देऊळघाटच्या पुष्पाबाईला अक्षर कळत नसे, पण चेहरा एकदा नजरेखालून गेला की काळ्या दगडावरची रेघ. कोणाच्या लग्नात कोण रुसून पंगतीवरून उठलं, कोणाच्या बारशाला कोणती बाई दुसरीचं लुगडं मागून नेसून आली, हे ती पन्नास वर्षांनी सांगायची आणि समोरच्याला ते नाकारता यायचं नाही. तिचा मुलगा गणेश म्हणायचा, "मायसमोर खोटं बोलाचं असन तं पहिले सारं गाव बदलून आनाव लागते."

त्या दिवशी मेथी काढली होती. जुड्या बांधून झाल्या, गणेशनं त्या टेम्पोत रचल्या, वर ओलं पोतं टाकलं. तो चढून बसतो तर पुष्पाबाई पातळ बदलून शेजारच्या सीटवर आधीच बसलेली.

"तू कुठी निंगाली?"

"बुलढान्याले. त्या फोटोवाल्या पोरीनं बलावलं."

"तिनं इथी दोनदा येऊन तुहं डोकं खाल्लं ना. आता तिकडे काऊन?"

"माहं काम हाये."

"लायब्ररीत तुहं काय काम? पुस्तकं वाचाले जाऊन राह्यली का?"

"तू वाचून कोन्ता कलेक्टर झाला बे? चाल."

फोटोवाली पोरगी म्हणजे दीपमाला. वय पस्तीस-छत्तीस, माहेर देऊळगाव राजाचं, नोकरी बुलढाण्याच्या जिल्हा ग्रंथालयात. शालिग्राम नावाचा एक फोटोवाला या भागात होऊन गेला. सायकलला पेटी बांधून तो गावोगाव फिरायचा. लग्नं, बारशी, जत्रा, मयती, सगळ्यांचे फोटो काढायचा. तो गेल्यावर पुष्कळ वर्षं त्याच्या निगेटिव्ह माळ्यावर पडून होत्या. मग घरच्यांनी त्या ग्रंथालयाला देऊन टाकल्या. साडेतीन हजार. फोटो राहिले, पण त्यातली माणसं कोण हे सांगणारं कोणी नाही. म्हणून दीपमाला ते छापून घेऊन खेडोपाडी जायची, म्हाताऱ्या माणसांपुढे मांडायची, आणि ती सांगतील ते नाव पाकिटावर पेन्सिलीनं लिहायची. ज्याचं नाव कोणालाच सांगता आलं नाही, त्याच्यापुढे 'अनोळखी' असं लिहून ठेवायची.

देऊळघाटच्या देवळात पुष्पाबाईनं एका बैठकीत साठ चेहरे ओळखले होते. उठताना ती दीपमालेच्या कानाशी म्हणाली होती, "त्याच्यात माहा बी एक फोटो असन. मांडीवर लेकरू हाये. तेवढा शोधून दे, मंग म्हनशीन तितके चेहरे सांगीन."

मांडीवरचं लेकरू म्हणजे छकुली, तिची पहिली मुलगी. चार वर्षांची होऊन तापानं गेली, त्याला आता एक्कावन्न वर्षं झाली. एवढं तिनं दीपमालेला सांगितलं होतं. घरात तिचा एकही फोटो नव्हता. आणि कोणाला न सांगितलेली गोष्ट अशी, की साऱ्या तालुक्याचे चेहरे सांभाळून ठेवणाऱ्या या बाईला स्वतःच्या लेकीचा चेहरा आठवेनासा झाला होता. पहिल्यांदा हनुवटी गेली. मग कपाळ. आता डोळे मिटले तर नुसता झगा दिसायचा, आणि झग्याच्या वर काहीच नाही.

गणेशनं तिला ग्रंथालयाच्या फाटकाशी सोडलं आणि तो बाजारात गेला.

खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला. बाहेर अकराचं ऊन, आत थंड हवेचं यंत्र घरघरत होतं. दारातून आत पाऊल टाकलं की नाकाला वास यायचा, विरजण फार दिवस राहिल्यावर येतो तसा, आंबूस.

"काय आंबलं इथी?" पुष्पाबाईनं विचारलं.

"निगेटिव्ह, आजी," दीपमाला म्हणाली. "जुन्या झाल्या की आंबतात. आधी वास सुटतो, मग त्या आखडतात, आणि शेवटी त्यावरचं चित्र निघून जातं."

"हाव. तसंच असते ते."

दीपमालेनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. हातात पांढरे सुती मोजे घातले. ती नेहमी भराभर बोलणारी पोरगी, आज एकेक शब्द जपून टाकत होती.

"तुमचा फोटो सापडला. पण तो दाखवायच्या आधी... एका मुलीचं नाव पाहिजे मला."

"दाखव."

दीपमालेनं लांब टेबलावर पाकिटं मांडली. एका ओळीत दहा, अशा चार ओळी, आणि खाली एक. प्रत्येकावर तिनं त्यातला फोटो ठेवला. "एकेचाळीस आहेत. ज्यांच्यावर गाव लिहिलंय त्या सगळ्या घरी जाऊन आले. सुलतानपूरचे म्हणतात, आमची नाही, शेजाऱ्यांची असेल. शेजारी म्हणतात, आम्ही हिला पाहिलंच नाही. आधी मी मनावर घेतलं नाही, लग्नात कुठलीही पोरं घुसतातच. मग एक दिवस शालिग्रामनं पाकिटांवर टाकलेल्या तारखा बघून ती ओळीनं लावली."

"मंग?"

"पहिला फोटो पंचाहत्तरचा. शेवटचा शहाण्णवचा." ती थांबली. "मुलगी तेवढीच आहे, आजी."

पुष्पाबाईनं पहिला फोटो उचलला. सुलतानपूरचं लग्न. नवरा-नवरी मध्ये, पुढं पोरांची रांग, सगळ्यांचे डोळे मोठ्ठे केलेले. रांगेच्या टोकाला, कोणाला न चिकटता, एक पोरगी उभी. अनवाणी. डाव्या घोट्याला काळा दोरा. अंगात फुलाफुलांच्या जुन्या लुगड्याचा झगा. ती फुलं निळी होती, फोटोत करडी दिसत होती. झग्याची उजवी बाही डावीपेक्षा बोटभर लांब. शिवताना दोरा संपला म्हणून ती तशीच राहिली होती, उद्या उसवून सारखी करू असं म्हणता म्हणता ताप आला, आणि त्याच झग्यात पोरीला नेलं.

मग तिनं नजर वर नेली. हनुवटी होती. कपाळ होतं, त्यावर डाव्या बाजूला पडलेली केसांची वाकडी रेघ होती. सगळं जागच्या जागी होतं.

तिनं दुसरा फोटो उचलला, तिसरा उचलला. बारसं. पोळ्याचे बैल. शाळेची सहल. बालाजीच्या यात्रेतलं कापडी विमान, विमानात दोन भाऊ, आणि विमानाच्या पंखाशी ती. सगळीकडे सरळ समोर पाहणारी, श्वास रोखून धरलेली. हलू नको म्हटल्यावर लेकरू उभं राहतं तशी.

शेवटचा फोटो मात्र तिनं हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि टेबलाच्या कडेला वेगळा सरकवला.

"ओळखलं?" दीपमालेनं विचारलं.

"हाव. हे चाळीस माही छकुली हाये."

दीपमालेनं पेन्सिल उचलली होती, ती तशीच खाली ठेवली. "छकुली... ती तर चौऱ्याहत्तरमध्ये..."

"गेली. हाव. बस, सांगतो."

पुष्पाबाईनं जे सांगितलं ते आवाज न चढवता सांगितलं, कोणत्या वावरात काय पेरलं हे सांगावं तसं.

छकुली सकाळी गेली. लहान लेकराला अग्नी देत नाहीत, माती देतात, आणि मातीला आईनं जायचं नसतं. म्हणून तिचा नवरा पुंजाजी म्हणाला, फोटो तरी राहू दे. शालिग्राम त्या दिवशी गावातच होता, एका घरी बारशाला आलेला. सकाळपासून लेकरांचेच फोटो काढत होता. त्याला बोलावून आणलं. अंगणात बाज टाकली, मागं दोन बायांनी पांढरी चादर धरली. पुष्पाबाई बाजेवर बसली आणि पोरीला तिच्या मांडीवर दिलं, डोकं डाव्या दंडावर. शालिग्रामनं तिपाई उभी केली, काळ्या कपड्यात डोकं घातलं आणि एक हात बाहेर काढला.

"त्याच्या हातात खुळखुळा होता," पुष्पाबाई म्हणाली. "लेकराचा फोटो काढाचा असला का तो खुळखुळा वाजवे. तोंडाची सवय, हाताची सवय. डोकं कपड्यात, त्याले कुठी ध्यान राह्यते का समोर कोन हाये. वाजवला, अन्‌ म्हनला, 'इकडे पाह्य बाई, इकडे पाह्य, चिमनी उडाली...'"

यंत्र घरघरत होतं.

"चादर धरलेल्या बाया म्हनल्या, अगं माय, काय बोलून राह्यला हा. अन्‌ माह्या दंडावरचं डोकं फिरलं."

"फिरलं... म्हणजे?"

"लेकरू निजेत कूस बदलते ना, तसं. त्याच्याकडे फिरलं. मी खाली पाह्यलं नाई. मले हिंमत नाई झाली, बाई. मी समोर पाह्यत राह्यली. पन त्याले दिसलं. काचेतून दिसलं त्याले. बाहेर निंगाला तं तोंड राखेवानी. खुळखुळा तिथंच पडला. पेटी बांधली अन्‌ गेला. फोटोवाला फोटो काढला का काय म्हनते?"

दीपमालेला कळलं नाही.

"झालं म्हनते. मंग मानसं श्वास सोडतात, उठतात. तो म्हनला नाई. तसाच गेला. फोटो आनाले पुंजाजीनं तीन चकरा मारल्या. दर वक्ताले म्हने, खराब झाला."

दीपमाला खाली बसली. म्हणाली, "तो कधीच म्हणायचा नाही, आजी. मी पाच वर्षांची असताना आमचा फोटो काढला त्यानं, यात्रेत. खुळखुळा वाजवला, इकडे पाह्य म्हणाला, आणि फोटो काढून झाल्यावर आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. आम्ही भावंडं तशीच ताठ बसून. शेवटी आईनं येऊन उचललं. घरी आम्ही हसायचो त्यावर."

"मंग कशी जाईन माही पोरगी? बलावलं तं आली. जा म्हनाले कोनी नाई. जथी जथी त्यानं 'इकडे पाह्य' म्हनलं, तथी जाऊन उभी राह्यली बिचारी." पुष्पाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "आता माहा फोटो दाखव."

दीपमालेनं कपाटातून एक पाकीट आणलं. त्यावर शालिग्रामच्या हाताचं अक्षर होतं. तिनं ते वाचून दाखवलं, "देऊळघाट. पुंजाजी." आणि त्याखाली दोन शब्द, जाड रेघेनं अधोरेखित केलेले. "देऊ नये."

टेबलाच्या एका भागाला काच होती, खालून दिवा. निगेटिव्ह त्यावर ठेवली. त्यात पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं झालेलं असतं, तरी पुष्पाबाईला समजायला वेळ लागला नाही. मागं चादर. बाजेवर बावीस-तेवीस वर्षांची बाई, नजर समोर. डावा दंड वाकवलेला, उजवा हात त्याखाली, जपून काहीतरी धरावं तसा.

मांडी रिकामी होती.

"मी नीट पाहिलं, आजी. कुठं खरवडलेलं नाही, पुसलेलं नाही. असंच आहे."

पुष्पाबाईनं त्या रिकाम्या जागेवरून काचेवर बोट फिरवलं. मग विचारलं, "तुम्ही सांगनाऱ्याचा बी फोटो काढता ना? देवळात काढला होता माहा."

"हो. नियमच आहे आमचा. ज्यानं माहिती दिली त्याचा फोटो फाइलला लावायचा."

"मंग काढ. पन देवळात म्हनली होती तसं, 'आजी, इकडे बघा' म्हनू नको. काहीच बोलू नको."

दीपमालेनं कॅमेरा आणला. तोंड तिनं घट्ट मिटून घेतलं होतं. पुष्पाबाई खुर्चीवर सावरून बसली. डावा दंड वाकवला. उजवा हात त्याखाली घेतला. चौऱ्याहत्तर वर्षांचे हात, पण माप चुकले नाहीत.

या खेपेला तिनं समोर पाहिलं नाही. खाली पाहिलं.

कॅमेऱ्याचा आवाज झाला.

"झालं," पुष्पाबाई म्हणाली. एक्कावन्न वर्षांत तिनं त्या नावानं हाक मारली नव्हती, ती मारली. "झालं, छकुले. झालं माय. श्वास सोड. जाय आता."

मग दंड सरळ करायला गेली तर होईना. मुंग्या आल्या होत्या, निजलेलं लेकरू फार वेळ धरल्यावर येतात तशा. दीपमालेनं तो हात चोळून दिला.

"आता लिही नाव," पुष्पाबाई म्हणाली. "छकुली पुंजाजी. साऱ्या चाळीस पाकिटांवर."

"आणि हे एकेचाळिसावं?"

"हे माही नोहे. पाह्य ना, हिच्या पायात चपला हायेत. माह्या पोरीनं चप्पल कधी घातलीच नाई. उभी तशीच राह्यते, पन हे दुसरी हाये."

"कोणाची?"

पुष्पाबाईनं तो फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. छकुलीएवढीच पोरगी, दोन वेण्या, पायात पट्ट्याच्या चपला. कोणाच्याशा घरासमोर पंधरा माणसं, आणि कडेला ही. पाकिटावर ना गाव, ना नाव, नुसती तारीख.

"मले नाई मालूम," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून दीपमालेनं पहिल्यांदाच ऐकलं. "म्हंजे एकदाच नाई चुकला तो मानूस."

आठ-दहा दिवस गेले. एका दुपारी दीपमाला देऊळघाटला आली. पुष्पाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. दीपमालेनं पिशवीतून एक मोठं पाकीट काढून तिच्या हातात दिलं.

तीच चादर, तीच बाज, तीच बावीस वर्षांची बाई. आणि तिच्या दंडावर डोकं टाकून, तोंड जरासं उघडं, डोळे मिटलेली छकुली. एक बाही लांब.

"त्याच निगेटिव्हवरून छापला," दीपमाला म्हणाली. "त्या चाळीस फोटोंत आता कोणी नाही. जागा तेवढी सुटलेली आहे."

पुष्पाबाईनं फोटो बराच वेळ पाहिला. कपाळ, हनुवटी, वाकडी रेघ. रडली नाही. घरात गेली, पेटीतल्या लुगड्यांच्या घडीत तो ठेवला आणि चहा टाकून बाहेर आली. दीपमालेनं कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. चहावर साय धरली.

"बोल," पुष्पाबाई म्हणाली. "चहा काय पाह्याले नाई देल्ला."

"एकेचाळिसाव्या पाकिटातली मुलगी पण गेली, आजी."

"मंग बरं झालं."

"नाही." दीपमालेनं मोबाइल काढला. "परवा माझ्या राखीचा वाढदिवस होता. पाच वर्षांची झाली. घरी तिच्या मैत्रिणी बोलावल्या होत्या. राखी धरून सहा पोरी."

पुष्पाबाईनं मोबाइल हातभर लांब धरला. फुगे, केक, केकभोवती लेकरं. तिनं बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं.

"सात हायेत."

"हो."

"फोटो काढताना कोन बोललं?"

"राखीचे पप्पा. ते नेहमीच म्हणतात... 'राखी, इकडे बघ.'"

"अन्‌ झालं म्हनले का?"

"मोबाइलवर कोण म्हणतं, आजी? दाबतात आणि खिशात ठेवतात." "मी म्हटलं. नंतर शंभर वेळा म्हटलं. फोटो पुसला, तर पुढच्या फोटोत..."

"तुह्यानं नाई होनार. तिले तिची माय पाह्यजे. तिची माय शोधा लागन, बाई. आजपासूनच. तो फोटो आन, मी सोबत येतो. देऊळगाव, सुलतानपूर, जथी शालिग्राम गेला तथी जाऊ. माय जिती असन तं..."

तिनं मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ आणला. घरात वाढदिवस, सगळ्या पोरी अनवाणी होत्या. एकीच्याच पायात पट्ट्याच्या चपला होत्या. सहा पोरी फोटो काढणाऱ्याकडे पाहत होत्या.

सातवी राखीकडे पाहत होती.